उंबरनेरला पाणी कुठून येतं? रोलप्लेइंग खेळासाठी खरं वाटणारं जग उभारताना

जळगावात आम्ही पाच जण एक रविवार आड डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. खेळ चालवायचं काम, म्हणजे डीएमचं काम, माझ्याकडे असतं. पहिलं जग तयार करताना मी चाळीस पानं लिहिली होती. सात राज्यं, त्यांच्या वंशावळी, दोन महायुद्धं. पहिल्याच सेशनला सगळे एका खानावळीत शिरले आणि एकाने विचारलं, "इथे खायला काय मिळतं?" मी सुचेल ते सांगितलं, "रस्सा आणि पोळी." त्यावर दुसरी म्हणाली, "चहूकडे वाळवंट आहे म्हणालीस ना? मग गहू कुठून येतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर कुणीच कशाबद्दल काही विचारेना. तिसऱ्या सेशनला ते कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन पुढे चालणारी गोष्ट, थांबलं.

दुसरं जग मी आजोळच्या पांझरा नदीच्या काठावरून उचललं आणि ते अजून चालू आहे. दोन्हींत फरक काय होता ते मला खेळता खेळता कळलं. आपण न सांगितलेली गोष्ट खेळाडूला स्वतःहून ताडता आली आणि ती बरोबर निघाली, की त्याला ते जग खरं वाटतं. ड्रॅगन असला तरी चालतो, पण ड्रॅगनच्या गावातला गवळी गुरं कधी बाहेर काढतो, याचा अंदाज बांधता आला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत निघाला आणि या प्रकारच्या खेळांची सुरुवात तिथून झाली. एक जण जग आणि त्यातली माणसं सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र होतात. पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.

काय काय लागेल

- पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम. जानेवारी २०२३ पासून ते मुक्त परवान्याखाली फुकट मिळतात. सुरुवातीला पुस्तक विकत घेऊ नका.
- सात फाशांचा संच. नसेल तर फोनवरचं ॲप, किंवा १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि स्टीलचा डबा. आमचे पहिले दोन महिने डब्यावर निघाले.
- दोन वह्या. एक तयारीची, दुसरी खेळताना तोंडातून निघालेलं टिपून ठेवायची. दुसरी जास्त महत्त्वाची, का ते पुढे येईल.
- चौकटीचा कागद, पेन्सिल, खोडरबर. नकाशा पेनने काढू नका.
- शेती केलेलं घरातलं एखादं वडीलधारं माणूस आणि त्यांचा अर्धा तास.

## १. राज्य नको, एक गाव घ्या

पहिले चार-पाच सेशन खेळाडू एका दिवसाच्या चालीपलीकडे जात नाहीत. म्हणून एकच गाव घ्या. माझ्या गावाचं नाव उंबरनेर. खानदेशात अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, थाळनेर अशी नावं कानावर पडलेली असतात, त्यामुळे 'नेर' ऐकलं की टेबलावरच्या माणसाला लगेच गाव दिसतं. डोंगरात पाडा, घाटवाटेला बारी, नदीकाठी नेर, अशी रीत एकदा लावून घ्या आणि ती मोडू नका. तीन सेशननंतर खेळाडू नुसत्या नावावरून सांगतात, "बारी आहे म्हणजे पलीकडे उतार असणार."

हमखास होणारी चूक म्हणजे उच्चारायला अवघड, जोडाक्षरांनी भरलेली परकी नावं. खेळाडू ती विसरतात आणि मग "तो मागचा राजा" म्हणत राहतात.

## २. पाणी कुठून येतं आणि कोण वाटतं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल.

पांझरेकाठी फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. खालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला तरी तोटा सगळ्यांत वाटला जातो. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. बंधाऱ्याची आणि पाटाची डागडुजी पाणी घेणाऱ्यांनीच मिळून करायची.

आता हे खेळात आणा. पाटकऱ्याच्या हातात फावडं आहे, म्हणजे गावातली सत्ता आहे. पाटाच्या शेपटाला ज्याचं शेत, त्याच्याकडे पाणी शेवटी पोचतं आणि तो कायम कुरकुरतो. डागडुजीला जो येत नाही त्याच्याविषयी गाव काय बोलतं? जागल्या रात्री एकटा फिरतो, म्हणजे विचित्र गोष्ट सगळ्यांत आधी त्याला दिसणार. चार माणसं आणि चार भांडणं तयार झाली, आणि अजून एकही राक्षस आलेला नाही.

माझ्या उंबरनेरात बंधाऱ्याच्या डोहात एक जुनी जलचर राहते आणि दर आठव्या रात्रीचं पाणी तिचं असतं. त्या रात्री पाट बंद. ही एवढीच अद्भुत गोष्ट. पहिल्या सेशनला जागल्या बेपत्ता झाला. आमच्यात एक कृषी महाविद्यालयात शिकणारा आहे. त्याने विचारलं, "महिना कोणता?" मी म्हटलं, वैशाख. "फडांत उभं काय आहे?" फक्त ऊस, बाकी फड मोकळे. तो म्हणाला, "मग माणूस लपवायला गावात एकच जागा आहे." आणि सगळे उसात शिरले. मी जागल्याला कुठे ठेवायचं ते तोवर ठरवलंच नव्हतं. त्याचा तर्क इतका बिनतोड होता की जागल्या तिथेच सापडला. त्या दिवशी टेबलावर जी शांतता झाली ती मी विसरणार नाही.

नकाशात नदी काढताना एवढं सांभाळा. ओढे नदीला मिळतात, नद्या मोठ्या नदीला मिळतात. वाहता वाहता नदी सहसा फुटत नाही आणि डोंगर चढून तर जातच नाही. आपल्याकडे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी पश्चिमेकडे. गिरणा, पांझरा, वाघूर एका बाजूने येतात, अनेर दुसऱ्या बाजूने. तोच नकाशा आडवा-उभा फिरवून वापरलात तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि पाणी चुकत नाही.

## ३. जेवण आणि जळण

खानावळीतल्या त्या प्रश्नामुळे ही पायरी आली. गावात काय पिकतं ते ठरलं की ताटात काय येतं ते आपोआप ठरतं. ज्वारी आणि उडीद असेल तर कळण्याची भाकरी. आपल्या भरिताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, कारण कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचे ढीग शेतात पडलेलेच असतात. पीक, जळण आणि चव अशी एकमेकांत गुंतलेली असतात. तुमच्या जगात चूल कशावर पेटते? सरपण जंगलातून येत असेल आणि जंगलात लांडगे शिरले असतील, तर गावात चूल एकदाच पेटते आणि संध्याकाळी सगळे थंड भाकरी खातात. खेळाडू गावात शिरताना हे एवढं दाखवा. लांडगे आहेत असं सांगायची गरज उरत नाही.

## ४. जादूचा हिशेब करा

नवे डीएम इथे फार फसतात. नियमांत पहिल्याच पातळीचा एक मंत्र आहे, त्याने १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर पाणी तयार होतं. ऐकायला खूप वाटतं. वैशाखात कामाचा एक बैल दिवसाकाठी जवळजवळ तेवढं पितो. म्हणजे या मंत्राने बंधारा निरुपयोगी होत नाही, पण वाटेवरच्या तांड्याचा जीव वाचतो. तो मंत्र येणाऱ्या माणसाला व्यापारी पगारी सोबत नेतील.

दुसरा मंत्र गुडबेरी. एका मंत्रात दहापर्यंत बोरं आणि एका बोरात माणसाचं दिवसभराचं पोषण. हा खरा धोकादायक. दुष्काळात असा एक माणूस रोज दोन-तीन घरं जगवू शकतो. मग धान्य दाबून बसलेल्या सावकाराला तो आवडेल का? आणि गावातली कोणती घरं जगवायची, हे कोण ठरवणार? मी यावर सलग पाच सेशन खेळवले आणि त्यात एकही लढाई झाली नाही.

वहीत एक पान करा. तुमच्या खेळाडूंना येणारे मंत्र डावीकडे आणि "हे रोज केलं तर गावात कुणाचा धंदा बुडेल, कुणाचा वाढेल" हे उजवीकडे. सगळे नियम चाळत बसू नका, तुमच्या टेबलावर आहेत तेवढेच मंत्र घ्या.

पैशाचंही तसंच. नियमांप्रमाणे साध्या मजुराची रोजंदारी २ चांदीची नाणी आणि १० चांदीचं १ सोनं. म्हणजे एक सोन्याचं नाणं हे पाच दिवसांचं काम. गावच्या पाटलाने "गुहेतला प्राणी मारा, १०० मोहरा देतो" म्हटलं, तर तो ५०० दिवसांची मजुरी देतोय. एवढे पैसे एका गावात नसतात. पाटील काय देऊ शकेल? पाच पोती ज्वारी, एक गोऱ्हा, यंदाच्या पाळीचं पाणी, राहायला पडकं घर. घर मिळालं की खेळाडू गाव सोडून जायचं नाव घेत नाहीत.

## ५. अंतर पायांनी मोजा, दिवस बाजाराने

धडधाकट माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो, भरलेली बैलगाडी त्याहून कमी. जळगाव ते भुसावळ २५ किलोमीटरच्या आसपास, आज आपण अर्ध्या-पाऊण तासात जातो, तुमच्या जगात तो पूर्ण दिवस आहे. नकाशाच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक दिवस धरा.

मग आठवडे बाजार लावा. सोमवारी या गावी, मंगळवारी पुढच्या, बुधवारी त्याच्या पुढच्या. बांगड्या विकणारा, मीठवाला, चाकू-कात्रीला धार लावणारा या सगळ्या बाजारांतून फिरत असतात. त्यामुळे बातमी कोणत्या वाराला कुठे पोचेल हे तुम्हाला ठाऊक असतं. खेळाडूंनी रविवारी केलेली चोरी गुरुवारच्या बाजारात सगळ्यांना माहीत असेल, आणि हे त्यांना स्वतःलाही कळत असेल. माझे खेळाडू आता कुठलाही उद्योग करण्याआधी वार विचारतात.

ऋतूही बाजाराला जोडा. आपल्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तर बाजार उजाडता उजाडता उरकला पाहिजे. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर उन्हाळ्यात सगळं गाव झोपायला जातं. अशा रात्री गल्लीतून गुपचूप जाणं सोपं नाही, वरून पन्नास डोळे आहेत. म्हणून मी उन्हाळ्यात लपून जाण्याच्या फाशाला अडचण लावते, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. ती का लावली हे एकदा सांगितलं की पुढच्या वेळी खेळाडूच म्हणतात, "पाऊस पडू दे, लोक खाली झोपायला गेले की जाऊ."

सणांचा एक दिवस हाताशी ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं वर्ष संपून नव्या वर्षाची बोली होते. तुमच्या जगात असा दिवस निर्माण करा आणि त्या दिवशी एक मुलगी माहेरी आली नाही, एवढंच सांगा. पुढचे तीन सेशन तयार झाले.

## ६. माणसं काय विचारतात

गावात शिरल्यावर पहिला प्रश्न "तुम्ही वीर आहात का?" असा कधीच नसतो. अहिराणी मुलखात म्हातारा ओट्यावरून विचारतो, "तू कोना आंडोर शे?" कोणाचा मुलगा आहेस? उत्तर देता आलं नाही तर तुम्ही परके. हा एक प्रश्न मी प्रत्येक नव्या खेळाडूला विचारते आणि त्यातून त्याच्या पात्राला आई-बाप, गाव, मामा मिळतात. पानभर पार्श्वकथा लिहून आणा सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नावाने हाक मारू नका. जिभाऊ, आबा, नाना, माय. कोण कोणाला काय म्हणतं त्यावरून मान कळतो आणि भांडणही कळतं. काल जो "नाना" म्हणत होता तो आज पूर्ण नाव घेतोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय.

भाषा बदला, पण थोडी. खानदेशात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, गुजरी शेजारी शेजारी नांदतात आणि बाजारात माणूस दोन-तीन बोली सहज बोलतो. तुमच्या जगातल्या दोन गावांत एकाच वस्तूला दोन शब्द ठेवा. खेळाडूने चुकीचा शब्द वापरला की दुकानदाराला कळेल हा पलीकडचा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या आजूबाजूचे खरे समाज उचलून राक्षसांच्या जागी बसवू नका. डोंगरात राहणारे, वेगळं बोलणारे, म्हणून "रानटी टोळी" असं चित्र फार चटकन तयार होतं. ते आपल्या शेजाऱ्याचं चित्र असतं, तुमच्या टेबलावरही तो बसलेला असू शकतो. माझ्याकडून हे एकदा झालं. नंदुरबारकडचा आमचा एक मित्र त्या सेशननंतर काही न बोलता घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले, माफी मागितली आणि तो पूर्ण भाग जगातून काढला. तसंच कानबाई किंवा याहा मोगी या लोकांच्या आजच्या श्रद्धेतल्या देवता आहेत. त्यांना गुण-आकडे देऊन शत्रू बनवू नका. रीत समजून घ्या आणि तुमची देवता वेगळी घडवा. गावाला तिची भीती कधी वाटते, तिला नैवेद्य काय लागतो आणि तो शिजवतो कोण, एवढं पुरतं.

## ७. इतिहास दगडात ठेवा, तोंडी सांगू नका

वंशावळ कुणी ऐकत नाही. डोळ्यांना दिसणारे उरलेले तुकडे मात्र सगळे हाताळतात.

१६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेशातलं फारुकी सुलतानांचं राज्य संपलं. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल याच्या नावावरून या मुलखाचं नाव दानदेश ठेवलं गेलं. ते टिकलं नाही, खानदेशच राहिलं. यातून घ्यायची युक्ती अशी: तुमच्या एका ठिकाणाला दोन नावं द्या. सरकारी कागदावर एक, लोकांच्या तोंडी दुसरं. कोण कोणतं नाव वापरतो यावरून तो कुणाच्या बाजूचा ते कळतं.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख बघा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचा ग्रंथ शिकवायला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ उभारला, आणि त्या लेखात पाटणच्या बाजारातल्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला दिलं हे नोंदलेलं आहे. मला हे फार आवडतं. शेकडो वर्षं उरलेल्या दगडावर बाजारातल्या कराचा हिशेब आहे आणि तो कर एका शाळेला जातोय. तुमच्या पडक्या देवळात "इथे अंधाराचा स्वामी निजला आहे" ऐवजी "तेल्यांनी दर घाण्यामागे इतकं तेल द्यावं" असं कोरा. मग खेळाडू विचारतील, तेल कशाला लागत होतं? रात्रभर कोणता दिवा पेटता ठेवायचा होता?

भुयारालाही कारण हवं. बुऱ्हाणपूरला सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात यायचं आणि वर ओळीने विहिरींची तोंडं. यापेक्षा चांगलं तयार भुयार मला माहीत नाही. बोगद्याला उतार आहे, म्हणून दिशा कळते. विहिरीतून उजेड पडतो, म्हणून अंतर मोजता येतं. बोगदा कुठे तुंबला तर खालच्या शहराला तहान लागते, म्हणून आत जायला कारण आहे. कुणीतरी तो साफ करत होतं, म्हणजे पायऱ्या, खुंट्या, दिवे ठेवायचे कोनाडे असणारच. हे सगळं खेळाडू स्वतः ताडतात.

## ८. टेबलावर

पहिल्या सेशनच्या आधी एकदा नुसतं बसा, चहा घ्या, कोणता विषय नको ते विचारून घ्या. मग प्रत्येकाला गावातली एक जागा ठरवायला सांगा. आमच्या उंबरनेरची पडकी कापसाची जिनिंग एकीने बसवली, मी तिथे फक्त वटवाघळं ठेवली.

वर्णन तीन वाक्यांत संपवा आणि त्यातलं एक वासाचं किंवा आवाजाचं असू द्या. कोरड्या पाटातली चिखलाची खपली, दूर कुठेतरी चाललेली रहाटाची कुरकुर, ओट्यावर वाळत घातलेल्या बिबड्या. मग थांबा आणि विचारा, "काय करता?"

खेळाडूने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर नसेल, तर तोच प्रश्न त्याच्यापुढे ठेवा: "तुला काय वाटतं, इथे कसं असेल?" पटलं तर तेच खरं. आणि आता ती दुसरी वही. जे बोललात ते त्याच क्षणी लिहा, कारण आठ सेशननंतर पाटकऱ्याच्या बायकोचं माहेर बदललं तर कुणीतरी नक्की पकडतं. मी पान तीन रकान्यांत आखते: काय सांगितलं, कुणी सांगितलं, कोणत्या वाराचं. सेशन संपल्यावर दहा मिनिटं वही उघडून बसते आणि एकच प्रश्न सोडवते: खेळाडू नसताना पुढच्या बाजारापर्यंत गावात काय झालं असेल? पाटाला पाणी आलं का, सालदाराने घर सोडलं का, डोहातली ती आठव्या रात्री वर आली का. दोन ओळी लिहून वही मिटते.